तारेला झेपेल एवढाच फ्यूज

यत्नाचार : गृहस्थाश्रमातील सावधानता

चातुर्मासाची सांगता झाली आणि कार्तिकी पौर्णिमा उलटली, की समाजातील घराघरांत यात्रेचे बेत आखले जातात. कोणी कुंभोज-बाहुबलीस, कोणी कुंथलगिरीस, तर कोणी गजपंथा आणि मांगीतुंगीस निघतो. पूर्वी या यात्रा एस. टी.ने किंवा भाड्याच्या बसने होत असत. आता बहुतेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने जातात. प्रवास लांबचा, त्यामुळे वाटेत स्तवने, भक्तामर, प्रवचने ऐकली जातात. मग कंपनीने बसविलेल्या लहान स्पीकरांचा आवाज अपुरा वाटू लागतो आणि घरातील तरुण मुलगा मोटारीत अ‍ॅम्प्लिफायर व सबवूफर बसवून घेण्याचा आग्रह धरतो. वडील खर्चाची चौकशी करतात आणि आई आवाज किती मोठा होईल, असे विचारते. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या तारेची आणि त्या तारेवरील फ्यूजची चौकशी मात्र सहसा कोणीच करीत नाही. हजारो रुपयांच्या त्या साहित्यात फ्यूज ही सर्वांत स्वस्त वस्तू असते, आणि गाडीत बसलेल्या माणसांची सुरक्षितता मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असते.

हा विषय यत्नाचाराच्या कक्षेत येतो, याविषयी शंका नसावी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहरणाचा उल्लेख नाही. प्रमादयुक्त प्रवृत्तीमुळे होणारे प्राणहरण ती हिंसा, असे तेथे सांगितले आहे. अनर्थदंडाच्या पाच भेदांत प्रमादचर्या हा स्वतंत्र भेद मानला आहे आणि निष्कारण अग्नी पेटविणे हे त्याचे एक उदाहरण आहे. विजेला सचित्त मानावे की अचित्त, याविषयी आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत. परंतु तारेचे आवरण वितळून भडकलेली ज्वाला हा अग्नी आहे, याविषयी कोणाचाही मतभेद नाही. त्या ज्वालेत अग्निकायिक जीवांची विराधना तर आहेच. शिवाय मागच्या आसनावर झोपलेल्या बालकाच्या आणि आजीच्या जीवाचाही प्रश्न आहे. म्हणून जे काम आपण करून घेतो, त्यातील धोका कोठे आहे, हे समजून घेणे श्रावकाचे कर्तव्य ठरते.

प्रथम फ्यूजचे कार्य समजून घेऊ. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तार तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट होते. फ्यूजमध्ये धातूची एक बारीक पट्टी असते. ती मुद्दाम संपूर्ण मार्गातील सर्वांत दुर्बळ दुवा म्हणून बनविलेली असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तार धोकादायक रीतीने तापण्यापूर्वी ही पट्टी वितळते आणि प्रवाह थांबतो.

येथे एक फार मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठी त्याच्या स्वतःच्या अंगावर वेगळे लहान फ्यूज बसविलेले असतात. मोटारीचा सारा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोकापासून निघालेली तार इंजिनाजवळून, पत्र्याच्या छिद्रातून, पायदानाखालून, आसनांच्या खालून डिकीपर्यंत चार-पाच मीटर प्रवास करते. या वाटेत कोठेही तिचे आवरण घासले, चिरडले किंवा उंदराने कुरतडले आणि आतील तांबे पत्र्याला टेकले, तर बॅटरीचा संपूर्ण प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न जाता त्या ठिकाणीच पत्र्यात उतरतो. यालाच आपण शॉर्ट होणे म्हणतो.

बारा व्होल्टच्या बॅटरीने काय होणार, अंगाला तर झटकाही बसत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो घातक आहे. झटका बसणे हे व्होल्टवर अवलंबून आहे, तर तार तापणे प्रवाहावर अवलंबून आहे. जी बॅटरी थंडीच्या सकाळी जड इंजिन फिरवून सुरू करते, ती शॉर्ट झाल्यास काही शे अ‍ॅम्पिअर प्रवाह सहज देऊ शकते. सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारणपणे एक शतांश ओहम असतो. त्यातून ५०० अ‍ॅम्पिअर वाहिले, तर त्या तारेत २५०० वॅट उष्णता निर्माण होते. स्नानगृहातील २००० वॅटच्या गिझरहून अधिक उष्णता गालिच्याखाली, फोमच्या आसनाशेजारी साठू लागते. तारेचे प्लास्टिकचे आवरण बहुधा ७० ते १०५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंतच टिकण्यासाठी बनविलेले असते. अशा तारेला पेट घेण्यास फार वेळ लागत नाही. त्यातही ही तार थेट बॅटरीवरून आलेली असते. किल्ली फिरवून गाडी बंद केली तरी तिच्यातील प्रवाह थांबत नाही.

यावरून पहिला नियम आपोआप निष्पन्न होतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसविता येईल तितका जवळ असावा. तारेच्या लांबीने मोजून ४५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे दीड फुटाच्या आत तो असावा, असा या व्यवसायातील सर्वमान्य दंडक आहे. बॅटरी आणि फ्यूज यांमधील तारेचा तुकडा पूर्णपणे असंरक्षित राहतो, म्हणून तो शक्य तितका आखूड ठेवायचा. पुष्कळदा कारागीर सोयीसाठी हा फ्यूज डिकीत अ‍ॅम्प्लिफायरशेजारी बसवितात. तेथे तो दिसतो आणि बदलायलाही सोपा जातो. परंतु तेथे बसविलेला फ्यूज मधल्या पाच मीटर तारेच्या काहीच उपयोगाचा नसतो. वाटेत शॉर्ट झाला तर तो प्रवाह फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा प्रश्न फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा घ्यावा, हा आहे. याचे उत्तर दोन मर्यादांच्या मध्ये सापडते. खालची मर्यादा अ‍ॅम्प्लिफायरची गरज ठरविते आणि वरची मर्यादा तारेची क्षमता ठरविते. फ्यूज गरजेपेक्षा लहान असेल तर तो विनाकारण उडत राहील. तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा असेल तर त्याच्या आधी तारच जळेल. गरजेच्या बाबतीत थोडी तडजोड चालते, कारण फार तर संगीत बंद पडेल. तारेच्या क्षमतेच्या बाबतीत मात्र तडजोड मुळीच करायची नाही.

गरज काढण्याचे गणित शाळकरी मुलालाही जमण्यासारखे आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले हजार-दोन हजार वॅटचे आकडे बाजूला ठेवावेत. ते क्षणिक कमाल मर्यादेचे आणि अनेकदा केवळ विक्रीसाठी असतात. माहितीपत्रकात ‘आरएमएस’ या शब्दापुढे दिलेला आकडा घ्यावा. समजा, चार स्पीकरांसाठी प्रत्येकी ५० वॅटचा, म्हणजे एकूण २०० वॅटचा एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. या वर्गाची कार्यक्षमता सुमारे निम्मी धरली, तर २०० वॅट ध्वनिशक्तीसाठी तो बॅटरीकडून ४०० वॅट घेतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ असते. ४०० ला १३.८ ने भागले की सुमारे २९ अ‍ॅम्पिअर येतात. सबवूफरसाठी ३०० वॅटचा डी वर्गाचा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर त्याची कार्यक्षमता अधिक, सुमारे ८० टक्के, असते. म्हणून तो ३७५ वॅट, म्हणजे सुमारे २७ अ‍ॅम्पिअर घेतो. दोन्ही मिळून ५६ अ‍ॅम्पिअर झाले. हे गणित करावयाचे नसेल, तर त्याहून सोपा मार्ग म्हणजे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांच्या अंगावरील फ्यूजांची बेरीज करावी. येथे प्रत्येकावर ३० अ‍ॅम्पिअरचे फ्यूज असतील, म्हणजे बेरीज ६० होईल. मुख्य फ्यूज ६० अ‍ॅम्पिअरचा घेतला तर गरज भागते. हे ५६ अ‍ॅम्पिअर पूर्ण आवाजाच्या परमोच्च क्षणी लागतात. संगीताच्या चढउतारात सरासरी प्रवाह याहून पुष्कळच कमी असतो.

आता तार पाहू. बाजारात तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड असते, हे ध्यानात ठेवावे. शुद्ध तांब्याच्या आणि चार-पाच मीटर लांबीच्या तारेसाठी सावधपणे धरायची कमाल मर्यादा अशी : १० गेजच्या, म्हणजे सुमारे ५.३ चौरस मिलिमीटरच्या तारेला ३० अ‍ॅम्पिअर. ८ गेजच्या, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरच्या तारेला ५० अ‍ॅम्पिअर. ४ गेजच्या, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरच्या तारेला १०० अ‍ॅम्पिअर. तारेच्या निर्मात्याने याहून कमी मर्यादा सांगितली असेल, तर तीच मानावी. वरील उदाहरणात ६० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज ८ गेजच्या तारेवर बसविणे योग्य नाही. तेथे ४ गेजचीच तार हवी. जाड तारेचा आणखी एक लाभ आहे. पाच मीटरमध्ये ६० अ‍ॅम्पिअर वाहताना ८ गेजच्या तारेत सुमारे ०.६ व्होल्ट वाया जातात, तर ४ गेजच्या तारेत सुमारे पाव व्होल्टच जातो. त्यामुळे तार कमी तापते आणि आवाजही स्वच्छ राहतो.

येथे फसवणुकीची एक जागा आहे. स्वस्त वायरिंग किटमधील तार बरेचदा शुद्ध तांब्याची नसते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. अशी तार तांब्याच्या तुलनेत सुमारे ६० ते ६५ टक्केच वीज वाहू शकते. काही किटांत तर आवरण जाड आणि आतील धातू बारीक असतो, त्यामुळे बाहेरून ४ गेजची दिसणारी तार प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ बारीक असते. तारेचे टोक किंचित खरवडून पाहावे. आतून पांढरट चकाकी दिसली तर ते अ‍ॅल्युमिनियम समजावे. अशी तार वापरावीच लागली, तर एक पायरी जाड घ्यावी आणि फ्यूज मात्र वाढवू नये.

एक मुख्य तार डिकीत आणून तेथून दोन अ‍ॅम्प्लिफायरांना बारीक तारा दिल्या असतील, तर तिसरा नियम लागू होतो. तार जेथे बारीक होते, तेथे तिच्या क्षमतेचा नवा फ्यूज हवा. मुख्य फ्यूज ६० अ‍ॅम्पिअरचा आणि पुढची फांदी ८ गेजची असेल, तर त्या फांदीचे रक्षण मुख्य फ्यूज पुरेसे करू शकत नाही. म्हणून वाटप करणारा ठोकळाच फ्यूज असलेला घ्यावा आणि प्रत्येक फांदीवर ३० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज ठेवावा. याउलट, अ‍ॅम्प्लिफायरपासून पत्र्याला जाणारी अर्थची तार तितकीच जाड असावी, परंतु तिच्यावर फ्यूज बसवू नये. ती जेथे जोडायची, तेथील रंग खरवडून स्वच्छ धातूवर बोल्टने घट्ट आवळावी.

फ्यूजचे प्रकारही ओळखता आले पाहिजेत. गाडीच्या मूळ फ्यूजपेटीत असतात ते दोन पात्यांचे प्लास्टिकचे फ्यूज १९७६ मध्ये लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने प्रचारात आणले. त्यांचा रंगच त्यांची क्षमता सांगतो : लाल १० अ‍ॅम्पिअर, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३० आणि नारिंगी ४०. याहून मोठ्या प्रवाहासाठी त्याच घडणीचे मोठे मॅक्सी फ्यूज मिळतात. मुख्य तारेसाठी चपट्या पट्टीचे, दोन्ही टोकांस बोल्टने आवळावयाचे एएनएल आणि मिनी एएनएल फ्यूज अधिक विश्वसनीय असतात, कारण त्यांची जोडणी घट्ट राहते. काचेच्या नळीचे फ्यूज केवळ स्प्रिंगच्या पकडीवर बसतात. गाडीच्या हादऱ्याने ती पकड सैल होते आणि सैल जोड स्वतःच तापू लागतो. अत्यंत स्वस्त, निनावी फ्यूजांत असेही आढळते, की छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पुढे प्रवाह गेला तरी ते वितळत नाहीत. वीस-तीस रुपयांची ही बचत कोणत्याही अर्थाने काटकसर नव्हे.

फ्यूज आपल्या आकड्यावर लगेच उडतो, ही समजूतही चुकीची आहे. पात्यांचा प्रमाणित फ्यूज आपल्या क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह किमान १०० तास सहन करतो. २०० टक्के झाला, तर मात्र पाच सेकंदांच्या आत वितळतो. म्हणजे त्याच्या घडणीतच थोडी सहनशीलता आधीच ठेवलेली असते. म्हणून ‘थोडा मोठा फ्यूज टाकू, उगाच उडायला नको’ या विचाराला आधार उरत नाही.

खरी कसोटी प्रवासात लागते. रात्रीची वेळ, घाटाचा रस्ता. अचानक आवाज बंद पडतो. उघडून पाहिले तर फ्यूज उडालेला. नवा बसविला, तोही उडतो. अशा वेळी वाटेतल्या गॅरेजवर कोणीतरी चॉकलेटची चांदी गुंडाळून देतो, कोणी तारेचा तुकडा अडकवितो, तर कोणी ६० च्या जागी १५० चा फ्यूज टाकून देतो. संगीत पुन्हा सुरू होते आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु दोनदा उडालेला फ्यूज काही सांगत असतो : कोठेतरी आवरण फाटले आहे, जोड सैल आहे किंवा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला आहे. कारण न शोधता फ्यूज मोठा करणे म्हणजे राखणदाराचे तोंड बांधून चोराला वाट मोकळी करून देणे होय. तेथे योग्य उपाय एकच. त्या तारेचे बॅटरीकडील टोक सोडवून त्यावर नीट टेप गुंडाळावी आणि उरलेला प्रवास शांततेत करावा. स्तवन मुखाने म्हणण्यास अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही.

जोडणीच्या कामातील यत्नही तितकाच महत्त्वाचा आहे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून तार नेताना छिद्राला रबरी बूच बसवावेच. उघड्या पत्र्याची धार हादऱ्यांनी आवरण कापते. इंजिनाजवळ तारेवर नालीदार नळी चढवावी आणि ती गरम भागांपासून, तसेच पेट्रोल व सीएनजीच्या नळ्यांपासून दूर बांधावी. पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाड्यांत उंदीर शिरून तारा कुरतडतात; म्हणून चातुर्मासात गाडी फार दिवस उभी राहिली असेल, तर यात्रेला निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ही तार टोकापासून टोकापर्यंत तपासून घ्यावी. फ्यूजच्या घराचे प्लास्टिक काळवंडले किंवा मऊ पडले असेल, तर तेथील जोड सैल झाला आहे, असे समजावे. विजेच्या जोडणीत केलेला असा फेरफार विमा कंपनीस कळविणेही हिताचे असते.

एवढे करूनही कधी जळका वास आला किंवा धूर दिसला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि प्रथम सर्व माणसांना खाली उतरवून दूर न्यावे. सामानासाठी परत जाऊ नये. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडू नये; वाऱ्याने ज्वाला भडकते. नंतर ११२ या क्रमांकावर साहाय्य मागावे.

परिग्रहपरिमाण आणि भोगोपभोगपरिमाण ही व्रते घेताना श्रावक आपली मर्यादा आपल्या शक्तीप्रमाणे ठरवितो. इच्छेप्रमाणे ठरविली तर ती मर्यादाच राहत नाही. फ्यूजच्या निवडीतही हेच घडते. अ‍ॅम्प्लिफायर किती मागतो, यावर जो फ्यूज ठरवितो, तो मागणीमागे धावत राहतो. तार किती वाहू शकते, यावर जो ठरवितो, तो सुरक्षित राहतो. मागणी खरोखरच मोठी असेल, तर आधी तार जाड करावी आणि मगच फ्यूज वाढवावा. किंवा एवढ्या मोठ्या आवाजाची आपल्याला गरज आहे का, हा प्रश्न त्याही आधी घरात विचारावा.

दुकानात काम करून घेताना पुढील चार प्रश्न श्रावक-श्राविकांनी अवश्य विचारावेत : तार शुद्ध तांब्याची आणि किती चौरस मिलिमीटरची आहे? मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे का? त्याचा आकडा तारेच्या क्षमतेहून कमी आहे का? पुढे बारीक होणाऱ्या प्रत्येक तारेवर वेगळा फ्यूज आहे का? चारही उत्तरे समाधानकारक मिळाली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतली, तरच गाडी ताब्यात घ्यावी. त्याच फ्यूजचे दोन नग गाडीत जवळ ठेवावेत. मात्र त्याहून मोठ्या आकड्याचा एकही ठेवू नये.